शेवटची लढाई अवघड कशामुळे होते?

पेपर अवघड गेला असे विद्यार्थी सांगतात तेव्हा त्यांना नेमके काय म्हणायचे असते? कधी वेळेच्या मानाने प्रश्न जास्त असतात. कधी आकडेमोड लांबलचक असते. कधी एखादा प्रश्न पुस्तकाबाहेरचा असतो. आणि क्वचित असेही होते की सगळे सुटे सुटे माहीत असते, पण ते एकत्र कसे जोडायचे हे सुचत नाही. या चारही वेळा मुले एकच शब्द वापरतात. पेपर काढणारे आपणही तोच वापरतो. या शब्दाची थोडी फोड करावी म्हणून आम्ही या वेळी एक वेगळेच साहित्य तपासायला घेतले आहे. ते म्हणजे पोकेमॉन या व्हिडिओ गेमच्या मालिकेतील शेवटच्या, सर्वांत कठीण समजल्या जाणाऱ्या लढाया.

नाटकाची, चित्रपटाची समीक्षा होते, मग खेळाची का होऊ नये? शिवाय हे खेळ रचणाऱ्यांपुढचा प्रश्न आणि परीक्षकापुढचा प्रश्न एकच आहे. शिकणाऱ्याची खरी कसोटी लागावी, पण त्याने कंटाळून हातातले साहित्य टाकून देऊ नये, हे कसे साधायचे?

खेळाची थोडक्यात ओळख

आपल्याकडे पोकेमॉन माहीत झाले ते मुख्यतः दूरचित्रवाणीवरच्या कार्टून मालिकेमुळे. मूळ खेळ मात्र जपानचा. तो २७ फेब्रुवारी १९९६ रोजी निन्टेंडो कंपनीच्या 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी बाजारात आला. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता आणि त्याच नादातून ही कल्पना सुचली. खेळाडू गावोगाव, रानोमाळ फिरतो, वेगवेगळे प्राणी पकडतो, त्यांना वाढवतो आणि इतर प्रशिक्षकांच्या प्राण्यांशी त्यांच्या लढती लावतो. एका वेळी जास्तीत जास्त सहा प्राणी बरोबर बाळगता येतात.

लढत बुद्धिबळासारखी आळीपाळीने चालते. प्रत्येक प्राण्याला चार चाली येतात. प्रत्येक प्राण्याला आणि प्रत्येक चालीला एक 'प्रकार' असतो, जसे आग, पाणी, वनस्पती, वीज, बर्फ. प्राण्याला असे दोन प्रकारही असू शकतात. पाणी आगीवर दुप्पट प्रभावी ठरते, आग पाण्यावर निम्मी. जमिनीच्या प्राण्यावर विजेचा परिणाम शून्य. १९९६ साली असे १५ प्रकार होते. २०१३ पासून ते १८ आहेत, म्हणजे प्रभावाचा तक्ता १८ गुणिले १८, एकूण ३२४ घरांचा झाला.

कथेच्या शेवटी बहुतेक खेळांत चार दिग्गजांना ओळीने हरवावे लागते आणि लगेच पाचवी लढत विजेत्याशी, म्हणजे चॅम्पियनशी होते. मध्ये दवाखाना नाही. बरोबर नेलेल्या औषधांवरच भागवायचे. मध्येच हरलात तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दोन किल्ल्या

या लढाया जिंकण्याच्या किल्ल्या दोन आहेत. पहिली म्हणजे पातळी, मुलांच्या तोंडची 'लेव्हल'. लढती जिंकल्या की अनुभवगुण मिळतात आणि प्राण्याची पातळी १ पासून १०० पर्यंत चढत जाते. दुसरी किल्ली म्हणजे तक्ता. समोर कोण आहे हे ओळखून योग्य प्रकारची चाल निवडायची.

यांपैकी कोणती किल्ली मोठी? येथे थोडे गणित करू. पुष्कळशा पोकेमॉनच्या बाबतीत क्ष पातळीला पोचण्यासाठी एकूण क्षचा घन इतके अनुभवगुण लागतात. ५० व्या पातळीला १,२५,००० आणि १०० व्या पातळीला १०,००,०००. म्हणजे पातळी दुप्पट करायला गुण आठपट हवेत.

आता या आठपट मेहनतीचे फळ पाहा. एका चालीने किती इजा होते हे काढण्याच्या सूत्रात पातळीचा एक अवयव आहे: पातळीची दोन पंचमांश अधिक दोन. ५० पातळीला तो २२ येतो, १०० पातळीला ४२. शिवाय प्राण्याची हल्ल्याची ताकद पातळीच्या जवळजवळ सम प्रमाणात वाढते, म्हणजे सुमारे दुप्पट होते. ४२ भागिले २२, गुणिले २, उत्तर सुमारे ३.८. म्हणजे समोरचा तोच असेल, चालही तीच असेल, तर ५० वरून १०० पातळीवर गेल्यावर इजा सुमारे ३.८ पट होते.

आणि योग्य प्रकार निवडल्यावर? समोरच्याचे दोन्ही प्रकार त्या चालीपुढे दुबळे असतील तर इजा थेट चौपट होते. पावणेनऊ लाख अनुभवगुण मिळवण्यात घालवलेल्या तासांचे काम तक्त्यातले एक घर ओळखल्याने होऊन जाते, उलट थोडे जास्तच होते. या मालिकेच्या गाभ्यात समजेला मेहनतीपेक्षा जास्त भाव दिलेला आहे. शेवटच्या लढायांना आमची कसोटी हीच राहील. गाभ्यातल्या या तत्त्वाशी त्या इमान राखतात का?

लान्सचा ड्रॅगोनाइट: तक्ता पाठ, अर्थ नाही

पहिल्याच खेळात चौथा दिग्गज आहे लान्स. त्याचा हुकमी प्राणी ड्रॅगोनाइट ६२ पातळीचा. पहिल्यांदा तो धडकी भरवतो. पण यंत्राने चाल निवडण्याचा नियम असा ठेवला होता: समोरच्या प्रकारावर तक्त्यानुसार जी चाल प्रभावी ठरते तिला पसंती द्यायची. ती चाल मुळात इजा करणारी आहे की नाही, हे तपासण्याची तरतूद नव्हती.

ड्रॅगोनाइटच्या चालींपैकी स्वतःचा वेग वाढवणारी एक आणि स्वतःचा बचाव वाढवणारी दुसरी, या दोन्ही 'मनःशक्ती' प्रकारच्या होत्या. तक्त्यानुसार मनःशक्ती विषारी प्रकारावर प्रभावी. मग विषारी प्रकारचा एखादा सामान्य प्राणी पुढे केला की हा प्रचंड ड्रॅगन हल्ला करायचे सोडून वेग आणि बचाव वाढवत बसे. चाली संपण्याचा नियमही यंत्राला लागू नव्हता, त्यामुळे हे कितीही वेळ चाले.

हा दोष हास्यास्पद आहे, पण आम्हाला तो फार ओळखीचा वाटला. सूत्र तोंडपाठ आहे, चलांच्या जागी किमती घालता येतात, पण हे सूत्र या गणिताला लागू पडते का, असा प्रश्नच मनात येत नाही. असे विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात, आणि संशोधनाच्या क्षेत्रातही ते दुर्मिळ नाहीत. 'तक्ता येणे' आणि 'तक्ता समजणे' यांतले अंतर दाखवायला यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला मिळालेले नाही.

रेड: आकड्यांचा डोंगर

१९९९ सालच्या गोल्ड आणि सिल्व्हर या खेळांत कथा संपल्यानंतरही एक लढत उरते. माउंट सिल्व्हर या डोंगराच्या गुहेत रेड उभा असतो. हा रेड म्हणजे पहिल्या खेळातला आपणच, तेव्हाचा नायक. तो एक शब्द बोलत नाही, फक्त टिंबे उमटतात. आपल्याच जुन्या रूपाशी सामना करायला लावणारी ही कल्पना मालिकेतल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक आहे, यात शंका नाही.

अवघडपणा मात्र कशाचा आहे? रेडचा पिकाचू ८१ पातळीचा, आणि त्याच्या संघातला सर्वांत खालचा प्राणी ७३ चा. त्याच्या आधीच्या मोठ्या लढतीत, ब्लू या व्यायामशाळाप्रमुखाशी होणाऱ्या सामन्यात, सर्वांत वरची पातळी ५८ असते. घनाच्या नियमाने ५८ पातळीला १,९५,११२ गुण लागतात, तर ८१ पातळीला ५,३१,४४१. या दोन टोकांमध्ये जोरदार सराव देणारे फारसे कोणी नाही. डोंगरातले रानटी प्राणीही बरेचसे चाळिशी-पन्नाशीचे. मग तेच तेच प्राणी पुन्हा पुन्हा हरवत बसायचे.

रेडचा संघ विविध आहे आणि हुशार खेळाडू त्याला कमी पातळीवरही हरवतो, हे मान्य. पण हरलेल्याला ही लढत काय सांगते? बहुतेक वेळा एवढेच, की अजून कमी पडलास, जा आणि आणखी जमव. आमच्या मते येथे कल्पना मोठी आहे आणि अवघडपणा स्वस्त आहे. शंभर गुणाकारांचा गृहपाठ जसा 'कठीण' असतो तशी ही लढत कठीण आहे.

सिंथिया: मिश्र प्रश्नपत्रिका

२००६ सालच्या डायमंड आणि पर्ल या खेळांची विजेती सिंथिया हिला बहुतेक चाहते सर्वांत अवघड मानतात. तिच्याशी पहिल्यांदा आम्हीही हरलो, आणि का हरलो हे तपासताना या लेखाचा विचार सुचला.

तिच्या आधीचा चौथा दिग्गज ल्युशियन. त्याच्या सर्वांत बलवान प्राण्याची पातळी ६३, सिंथियाच्या ६६. वाढ अवघी तीनची. तरीही ल्युशियनला आरामात हरवून आलेला खेळाडू येथे आपटतो. कारण आधीच्या दिग्गजांचा एकेक आवडता प्रकार असतो: किडे, जमीन, आग, मनःशक्ती. हे एकेका विषयाचे पेपर झाले. सिंथियाचा संघ कोणत्याच एका प्रकारचा नाही.

तिचे सहा प्राणी पाहा. स्पिरिटोम्ब, भूत आणि अंधार. रोझरेड, वनस्पती आणि विष. गॅस्ट्रोडॉन, पाणी आणि जमीन. लुकारिओ, मारामारी आणि पोलाद. मिलोटिक, पाणी. गार्चोम्प, ड्रॅगन आणि जमीन. आता कोणताही एक प्रकार घ्या आणि तक्ता लावा. वनस्पती गॅस्ट्रोडॉन आणि मिलोटिकवर चालते, पण रोझरेड आणि लुकारिओपुढे फिकी पडते. आग रोझरेड आणि लुकारिओवर चालते, तर दोन्ही पाण्याच्या प्राण्यांवर आणि ड्रॅगनवर निम्मीच. बर्फ रोझरेड आणि गार्चोम्पवर चालतो, लुकारिओ आणि मिलोटिकवर नाही. वीज मिलोटिकवर चालते, पण गॅस्ट्रोडॉन आणि गार्चोम्पवर शून्य. आम्ही २००६ चे सर्व १७ प्रकार तपासले. सहापैकी दोनपेक्षा जास्त प्राण्यांवर प्रभावी ठरेल असा एकही प्रकार सापडत नाही. आणि स्पिरिटोम्बवर तर त्या काळी कोणताच प्रकार प्रभावी नव्हता. त्याची उणीव २०१३ साली 'परी' हा नवा प्रकार आल्यावरच निर्माण झाली.

शेवटी येणारा गार्चोम्प हा या पेपरातला अखेरचा प्रश्न. उत्तर गुप्त नाही. तो ड्रॅगनही आहे आणि जमिनीचाही, म्हणून बर्फ त्याच्यावर चौपट. पण तो वेगवान आहे, बहुतेकांच्या आधी वार करतो आणि वार जबर असतो. उत्तर माहीत असूनही ते द्यायला आपला बर्फवाला प्राणी एक फेरी जिवंत राहावा लागतो. म्हणजे पाच लढतींचे नियोजन, औषधांची काटकसर आणि कोणाला केव्हा पुढे करायचे याचा विचार आधीच झालेला हवा.

२००८ साली प्लॅटिनम या सुधारित आवृत्तीत सिंथियाच्या सर्वोच्च प्राण्याची पातळी ६६ वरून ६२ वर आणली गेली. तरी तिचा दरारा कमी झाला नाही. इतरांच्याही पातळ्या तेव्हा उतरवल्या होत्या, म्हणून हा प्रयोग पूर्ण स्वच्छ नाही. तरीही आकडा हे अवघडपणाचे मूळ नव्हते, याचा तो बऱ्यापैकी पुरावा आहे.

अल्ट्रा नेक्रोझ्मा: एका युक्तीचे कोडे

२०१७ च्या अल्ट्रा सन आणि अल्ट्रा मून या खेळांतला अल्ट्रा नेक्रोझ्मा हा कथेतला शेवटचा प्रतिस्पर्धी नव्हे, पण सर्वांत भीतीदायक नक्कीच. पातळी फक्त ६०. मात्र लढत सुरू होताच त्याची हल्ला, बचाव, वेग अशी पाचही बळे दीडपट होतात. तयारी नसलेल्या खेळाडूचे सहाच्या सहा प्राणी तो एकेका फटक्यात लोळवतो.

यावर काही युक्त्या आहेत. एक म्हणजे 'टॉक्सिक' हे चढते विष. ते पहिल्या फेरीत एकूण प्राणशक्तीचा एक सोळांश घेते, दुसऱ्या फेरीत दोन सोळांश, तिसऱ्या फेरीत तीन. एक ते पाचची बेरीज पंधरा, म्हणजे सहाव्या फेरीत कोणीही पडणारच, तो कितीही बलवान असो. गणिताच्या शिक्षकांना ही त्रिकोणी संख्यांची बेरीज वर्गात सांगता येईल. दुसरी युक्ती सोंगाची. झोरोआर्क हा अंधार प्रकारचा प्राणी दुसऱ्याचे रूप घेतो. त्याने विषारी प्राण्याचे रूप घेतले की नेक्रोझ्मा रूपावर विश्वास ठेवून मनःशक्तीची चाल टाकतो, आणि अंधारावर ती शून्य. म्हणजे २१ वर्षांनंतरही यंत्र लान्सच्या ड्रॅगोनाइटसारखेच फसते.

ही लढत आकड्यांच्या डोंगरापेक्षा नक्कीच वरची आहे, कारण ती विचार करायला लावते. पण तिची मर्यादाही कोड्याचीच आहे. युक्ती सुचली की सगळे संपते, आणि मित्राने कानात सांगितली तरी संपते. सिंथियाचे उत्तर कानात सांगून भागत नाही. ते संघ बांधण्यात असते.

सोपे वर्ष, अवघड वार्षिक परीक्षा

अलीकडच्या खेळांबद्दल आमची तक्रार वेगळी आहे. २०१९ पासूनच्या मुख्य खेळांत न लढलेल्या प्राण्यांनाही अनुभवगुण आपोआप मिळतात आणि ही सोय बंद करता येत नाही. पातळी न मागता वाढते. त्यामुळे वाटेतल्या लढती तक्ता न पाहताही जिंकता येतात.

२०२१ साली डायमंड आणि पर्लची नवी आवृत्ती निघाली. तीतली सिंथिया जुन्या सिंथियापेक्षाही कडक आहे. गार्चोम्पजवळ बर्फाचा पहिला मोठा फटका निम्मा करणारे फळ आहे. परी प्रकारचा प्राणी आणावा तर त्यावर चालणारी विषारी चाल त्याला शिकवलेली आहे. मिलोटिक मुद्दाम स्वतःला भाजून घेते, कारण भाजल्यावर तिचा बचाव दीडपट होतो. पेपर उत्तम आहे. पण वर्षभर ज्याला असे काही शिकवलेच नाही त्याला तो शेवटी अचानक देणे हे कितपत योग्य? सिंथियाची लढत सुधारली आणि तिच्याकडे नेणारा रस्ता बिघडला, असे आम्हाला वाटते.

उलट टोकाचे उदाहरण २०२२ च्या स्कार्लेट आणि व्हायोलेटमधल्या गीटाचे. ही तिथली सर्वोच्च विजेती. तिच्या ग्लिमोरा या प्राण्याचा गुण असा की त्याला शारीरिक फटका बसला की तो समोरच्या बाजूला विषारी काटे पसरतो, आणि पुढे मैदानात उतरणारा प्रत्येक प्राणी त्या काट्यांवर पडतो. साहजिकच तो सर्वांत आधी यायला हवा. गीटा त्याला सर्वांत शेवटी आणते, लढत संपत आलेली असताना. साहित्य चांगले, मांडणीचा क्रम चुकलेला. आपल्या कितीतरी प्रश्नपत्रिकांचेही असेच होते.

हरण्यातून काय हाती लागते

या सर्वांवरून आम्ही एक साधा निकष काढतो. हरल्यावर हरणाऱ्याला स्वतःच्या विचारातली चूक दिसते का? दिसत असेल तर ती लढत चांगल्या अर्थाने अवघड. नुसते 'अजून कर' एवढेच ऐकू येत असेल तर ती फक्त लांब.

एक गोष्ट मात्र या मालिकेच्या बाजूने सांगायलाच हवी. घनाच्या नियमाचा रस्ता महाग आहे, पण तो बंद केलेला नाही. ज्या लहान मुलाला तक्ता अजून उमगलेला नाही तेही चिकाटीने, हळूहळू, सिंथियापर्यंत पोचते आणि जिंकते. शिवाय हरल्यावर लढतीत मिळालेले अनुभवगुण काढून घेतले जात नाहीत. पहिल्या खेळांत निम्मे पैसे जात, पण शिकलेले जात नसे. आपल्या परीक्षांत नापास झालेल्या मुलाचे नेमके उलटे होते. त्याने जे शिकलेले असते त्याची कोठेही नोंद राहत नाही, फक्त हरल्याची राहते.

वर्गात करण्याजोगा एक उपक्रम सुचवतो. त्याला कोणतेही यंत्र लागत नाही. आग, पाणी, वनस्पती, वीज, जमीन आणि बर्फ एवढ्याच प्रकारांचा लहान तक्ता फळ्यावर लिहावा. मुलांचे गट करून प्रत्येकाला सहा प्राण्यांचा असा संघ बांधायला सांगावा की कोणताही एक प्रकार दोनपेक्षा जास्त प्राण्यांवर प्रभावी ठरू नये. प्राण्याला एक किंवा दोन प्रकार देण्याची मुभा ठेवावी. असा संघ शक्य आहे का, आणि नसेल तर का नाही, यावर मुले वाद घालू लागली की शिक्षकांनी बाजूला उभे राहून ऐकावे.

आणि पुढच्या चाचणीचा पेपर काढताना प्रत्येक प्रश्नापुढे एक खूण करून पाहावी: हा प्रश्न रेडचा आहे, नेक्रोझ्माचा आहे की सिंथियाचा? आम्ही आमच्याच जुन्या प्रश्नपत्रिकांवर ही खूण करून पाहिली. रेडचे प्रश्न आमच्या अपेक्षेपेक्षा बरेच जास्त निघाले.